पवर्ग गेला, व उरला

गुळणी

माझं नाव मिलिंद. आज हे वाक्य मी किती झोकात लिहून गेलो! पण चार महिने असे होते की कुणी नाव विचारलं तर मी 'विलिंद' सांगायचो आणि समोरचा माणूस सभ्यपणे म्हणायचा, "वा, वेगळंच नाव आहे."

ही नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपासची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला गोडदेवला राहायचो. दोन खोल्या, मोरी आतच, नळाला पाणी सकाळी तासभर. मी चोवीस वर्षांचा, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गायन पार्टीचा मुख्य गायक. भीमगीतं म्हणायचो. पट्टी उंच, केस त्याहून उंच. शिवाय गल्लीत नकलाकार म्हणून नाव होतं. घरमालक, नगरपालिकेचा वॉर्डबॉय, खालच्या मजल्यावरची आजी, माझ्या तावडीतून कुणी सुटलेलं नव्हतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच पहिला अर्धा तास वाया गेला.

डिसेंबर होता. आदल्या दिवशी चेण्याला कार्यक्रम करून आम्ही उघड्या टेम्पोतून परत आलो होतो. सकाळी उठलो, मोरीत गेलो, तोंडात पाणी घेतलं आणि गुळणी केली. पाणी समोर जायच्या ऐवजी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पिचकारीसारखं आडवं उडालं आणि दारात उभ्या असलेल्या बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर बसलं.

"हा काय वाह्यातपणा?" बाबा गरजले.

मी घाबरून "बाबा" म्हणायला गेलो. डावा ओठ मिटेचना. 'ब' तयार व्हायच्या आधीच हवा निसटली आणि तोंडातून स्पष्ट शब्द बाहेर पडला, "वावा!"

वडिलांच्या शर्टावर चूळ टाकून वर "वा वा" म्हणणारा मुलगा तुम्ही पाहिला नसेल. माझ्या बाबांनी पाहिला.

आई स्टोव्हपाशी बसून हसत होती. "बास कर रे सोंग. आज कुणाची नक्कल?" मी जेवढं समजावायला जावं तेवढं तोंड उजवीकडे ओढलं जायचं आणि आई तेवढी जास्त हसायची. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "हुबेहूब जमलंय!" कोण हुबेहूब, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग साबण लावताना फेस डाव्या डोळ्यात गेला आणि तो डोळा मिटलाच नाही. सताड उघडा. आईचं हसू तिथं थांबलं. तिनं पदरानं माझा डोळा पुसला आणि बाबांना म्हणाली, "अहो, हा सोंग करत नाहीये."

आठ्या

गोडदेवच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी माझे हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, मग म्हणाले, "कपाळाला आठ्या घाल." मी घातल्या. उजव्या अर्ध्या कपाळावर तीन आठ्या पडल्या, डावं अर्धं नव्या फरशीसारखं गुळगुळीत.

"मेंदूचं नाही हे," डॉक्टर म्हणाले. "अर्धांगवायू नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय. बेल्स पाल्सी."

रोगाचं नाव ठेवणाऱ्याची कमाल बघा. ज्याला हा रोग होतो त्याला तो उच्चारताच येत नाही. मी घरी जाऊन सगळ्यांना 'वेल्स वाल्सी' झाल्याचं सांगितलं.

"बरं होतं?" आईनं विचारलं.

"बहुतेकांचं होतं. कुणाचं तीन आठवड्यांत, कुणाचं तीन-चार महिन्यांत. एखाद्याचं थोडं राहून जातं. गोळ्या लगेच सुरू करा, उद्यावर टाकू नका. आणि डोळा जपा, तो कोरडा पडता कामा नये."

बाबा चिठ्ठी खिशात घालून दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "गाता येईल का त्याला? एप्रिलात जयंती आहे."

मी चमकलो. बाबा आमच्या पार्टीसाठी गाणी लिहून द्यायचे हे खरं, पण माझ्या गाण्याबद्दल चोवीस वर्षांत त्यांनी "आवाज जरा कमी कर" याच्यापलीकडे मत दिलेलं नव्हतं.

"ओठ आले तर येईल," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे चार महिने. गोडदेवचा जयंतीचा मंडप आणि माझे ओठ, यांच्यात शर्यत लागली.

खरं निदान मात्र घरी आल्यावर बाबांनी केलं. ते एका छापखान्यात कंपोझिटर होते. आयुष्यभर लाकडी खणांतून शिशाचे खिळे उचलून अक्षरं जुळवलेली. त्यांनी मला समोर बसवलं आणि क-ख-ग-घ पासून म्हणायला लावलं. कवर्ग ठीक. चवर्ग ठीक. टवर्ग, तवर्ग ठणठणीत. पवर्गाला आलो आणि पाचही वेळा तोंडातून 'व' पडला.

बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "कळलं! तुझ्या खणातले प-फ-ब-भ-म संपलेत. एकटा व उरलाय, तोच तू सगळीकडे लावतोयस. आम्हीपण लावायचो, टाइप कमी पडला की उलटा खिळा घालून वेळ मारून न्यायचो."

"वग?" मी विचारलं.

"मग काय, नवा टाइप येईपर्यंत थांबायचं."

माझ्या आजाराबद्दल इतकं सोपं मला कुणीही सांगितलेलं नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो, म्हणजे निम्मं बाहेर सांडून.

करंट

आठवड्यातून तीन दिवस मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायचं. केसपेपर, रांग, लोखंडी बाक, आणि मग आतल्या खोलीत व्यायामाच्या बाई. त्या गालावर ओला स्पंज लावून बारीक करंट द्यायच्या. गाल टिकटिक उडायचा. माझाच गाल माझ्या परवानगीशिवाय उडताना बघणं फार अपमानास्पद असतं.

"आरशासमोर बसायचं," बाई दटावायच्या. "गाल फुगव. शिट्टी वाजव. प, ब, म म्हण. रोज. लाजायचं नाही."

शिट्टी तर दूरच, मेणबत्ती विझेना. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारेबुवा असायचे. त्यांचं तोंड माझ्या उलट बाजूला वाकडं. ते एकदा मला म्हणाले, "पोरा, जवळ सरक. आपण दोघं चिकटून बसलो की मिळून एक धड माणूस होतो." आम्ही दोघं इतके हसलो की आतून बाई ओरडल्या. आमच्या हसण्यानं दोन दिशांना गेलेली तोंडं बघून त्यासुद्धा हसल्या. इस्पितळातल्या दिवसांतलं मला आज काही आठवत असेल तर तो बाक.

घरी मात्र हसू येत नव्हतं. झोपताना आई पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावायची. चहा बशीतून प्यायलो तर गळायचा, म्हणून स्ट्रॉ. भर दुपारी मफलर गुंडाळून मी बाहेर पडायचो. नाक्यावरचा दुकानदार म्हणायचा, "मिलिंदभाई, इतनी गरमी में मफलर? सिंगर लोग का गला बहुत नाजूक होता है, नहीं?" मी मान हलवायचो. गल्लीतली पोरं, ज्यांच्या बापांच्या मी नकला केल्या होत्या, ती आता माझी नक्कल करायला लागली. चांगली करायची, हे मान्य करावं लागेल.

आमचा ढोलकीवाला विलास येऊन गेला. बराच वेळ चप्पल घालू की नको असं करत शेवटी म्हणाला, "मिल्या, कोरसमधल्या एकाला पुढं बसवतोय. तात्पुरतं. तुझी जागा तुझीच."

"वरं," मी म्हणालो. म्हणजे 'बरं'.

तो गेल्यावर मी आरसा उलटा करून ठेवला.

त्याच आठवड्यात घरात भांडण पेटलं. बाबांना माझ्या उशीखाली काळा दोरा सापडला. आईनं कुणा बुवाकडून गुपचूप मंतरून आणलेला.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण!" बाबांचा आवाज फाटला. "माझ्या बापानं देव्हारा उचलून नदीत सोडला, आणि तू माझ्या घरात गंडे-दोरे आणतेस?"

"मला प्रतिज्ञा ठाऊक आहेत," आई म्हणाली. "पण त्याचा डोळा रात्रभर उघडा असतो. तुम्ही घोरत असता. मी बघते."

बाबांनी दोरा फेकून दिला नाही. तो हातात धरून नुसते बसून राहिले. मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मला तर बोलताच येत नव्हतं, त्यामुळे माझी सोय झाली.

पालीत

तिसऱ्या दिवशी आईच तोडगा घेऊन आली. ती गोडदेवच्या पत्र्याच्या विहारात जाऊन भंतेजींना भेटली होती. भंतेजी मराठवाड्यातले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं होतं, "दोऱ्याची लाज वाटून घेऊ नका, काळजीपोटी आणलात. आता त्याला सांगा, रोज सकाळी मोठ्यानं वंदना म्हण. पालीत म्हण, आणि एकेक अक्षर ओठ मिटून म्हण."

आईला वंदना लहानपणापासून तोंडपाठ होती, पण तिच्या लेखी ती बुद्धाची भाषा. त्या भाषेला पाली म्हणतात हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिला पाली ठाऊक होती ती उत्तनजवळची, समुद्रकाठची. कारण आमची मासळीवाली फिलोमावशी तिथलीच.

आईनं तिला विचारलं, "फिलो, तुमच्या पालीची हवा चांगली असते का गं? भंतेजी म्हणतात, पोरानं पालीत जाऊन वंदना म्हणायची."

"आमचे पालीन?" फिलोमावशी पाटीवरून हात काढून म्हणाली. "मंग धाड की त्याला! जागा काय कमी हाय? समुद्र तर सगला मोकला हाय. सुक्या बोंबलाला मीठ न्हाय लागत, वारा लागतो; त्याला पन तसाच."

मला हे कळलं तेव्हा मी बाबांकडे बघितलं. बाबांना चूक तत्काळ कळली होती. आयुष्यभर मुद्रितांतल्या चुका दुरुस्त केलेला माणूस. पण दोन दिवसांच्या अबोल्यानंतर आई उत्साहानं डबा भरत होती. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे, आणि म्हणाले, "जा. हवा चांगली असते तिथली."

मी गेलो, आणि खरं कारण सांगतो. पालीत मला कुणी ओळखत नव्हतं.

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेहून बस पकडायची, उत्तनला उतरायचं, अरुंद गल्ल्यांतून किनाऱ्यावर जायचं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले, वर ओढलेल्या होड्या, त्यांच्या सावलीत जाळी विणणारी माणसं. मी एका होडीच्या आडोशाला मांडी घालून बसायचो, मफलर काढायचो आणि वंदना सुरू करायचो. पहिला शब्द 'बुद्धं'. माझा 'वुद्धं'. पुढं 'धम्मं'चं 'धव्वं'. लाटांचा आवाज इतका, की माझं मलाच नीट ऐकू यायचं नाही. किती बरं वाटायचं! घरात मी हळू म्हणायचो, शेजारी ऐकतील म्हणून. इथं फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडायचो.

फिलोमावशी मांडवाखाली तिच्या जपमाळेचे मणी ओढत बसलेली असायची. पहिल्या दिवशी मी जरा संकोचलो. ती म्हणाली, "तू तुझा म्हण, मी माझा म्हणतंय. देवाचे कान दोन हायेत."

"आवच्यात देव नसतो, वावशी," मी म्हणालो.

"नसंल. मंग दोनी कान माझेच. म्हण तू."

वंदना झाली की तिची परीक्षा. तिच्या लक्षात आलं होतं की माझे कोणते शब्द पडतात. ती टोपलीतून एकेक मासा वर धरायची. "हा काय हाय?"

"वावलेट."

"आनि हा?"

"वांगडा."

"अरे माझ्या वांग्या! भाजीवाल्याकडं आला काय तू? हा?"

"वांदेली."

पापलेट, बांगडा, मांदेली, मुशी, बोंबील. तुम्हीच बघा, सगळा समुद्र ओठांवरचा! ज्या दिवशी नाव बरोबर घेशील त्या दिवशी तो मासा तुझा, असं तिनं जाहीर केलं. सात रविवार मी रिकाम्या हातानं परतलो. व्यायामाच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुझी मावशी हुशार आहे. सोडू नकोस."

आठव्या रविवारी मी डोळे मिटून, म्हणजे एक मिटून आणि एक बोटानं धरून, वंदना म्हणत होतो. फडफड ऐकू आली. बघतो तर कावळ्यांची टोळी मांडवावर उतरलेली आणि मावशी कुठंतरी आत गेलेली. मी हात झाडत उठलो आणि बोंबललो, "मावशी! बोंबील!"

कावळे उडाले. मी तिथंच उभा. बोट ओठांना लावून बघितलं. डावा कोपरा थरथरत होता, पण मिटला होता. पुन्हा म्हणालो, "बोंबील." पुन्हा. "बोंबील, बोंबील, बोंबील!" जाळी विणणारे एक म्हातारबुवा वर बघून आत मावशीला म्हणाले, "दे गं बाय त्याला एक बोंबील, रडतंय पोर."

मी खरंच रडत होतो.

घरी गेलो, दारातूनच ओरडलो, "बाबा!" ते वर्तमानपत्र टाकून उठले. कुठला शब्द आधी आला, त्यांनी विचारलं. बोंबील, मी सांगितलं. "दोन महिने वंदना म्हटलीस," ते म्हणाले, "आणि आला बोंबील?" भंतेजींना ही तक्रार कळली तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, "हाक मनापासून मारली असेल."

इथं थोडं गंभीर होतो, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी आज सकाळीच आरशात स्वतःचं वाकडं तोंड पाहिलेलं असेल. वंदनेनं नस बरी झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या वेळेवर मिळाल्या, आणि नस तिच्या चालीनं आली. पण नस येईपर्यंतचे दिवस कुणी काढायचे? ते गोळी काढत नाही. माझे दिवस त्या म्हणण्यानं काढले. सकाळी उठून एक काम होतं, त्याला सूर होता, आणि ते करताना मी कसा दिसतोय याची आठवण राहत नव्हती. तुम्ही भजन म्हणा, आरती म्हणा, पाढे म्हणा. पण मोठ्यानं म्हणा. आणि आधी डॉक्टरकडे जा.

गाणं

बोंबील आला म्हणून सगळं आलं असं नव्हतं. बोलताना दहातले सहा शब्द जमायचे, गाताना दोन. उंच पट्टीला गेलो की हवा निसटलीच. एप्रिल उजाडला. पार्टीतल्यांनी बाबांना विचारलं, याला यंदा वगळायचं का? बाबा म्हणाले, "आठ दिवस द्या."

ते आठ दिवस बाबा छापखान्यातून आले की कागद घेऊन बसायचे. लिहायचे, खोडायचे. आईनं विचारलं तर म्हणाले, "पवर्ग न वापरता गाणं जुळवतोय."

तुम्ही करून बघा. 'मी' नाही, 'आम्ही' नाही, 'माझा' नाही, 'नमन' नाही, 'प्रकाश' नाही. आणि ज्याच्यासाठी गाणं, त्याचं दोन अक्षरी नाव, ते तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ओठांचं! ज्याच्या नावाचं गाणं, त्याचंच नाव नाही. बाबा सहा दिवस तिथंच अडकले. सातव्या दिवशी जेवताना घास हातात धरून म्हणाले, "तुला नाव घेता येत नाही ना? नको घेऊस. लोकांना विचार." आणि उष्ट्या हातानंच उठून लिहायला बसले.

अक्षर दिलं ज्यानं हाती,
उजळल्या ज्यानं काळ्या राती,
ताठ केली ज्यानं छाती,
सांगा राजेहो, कोण तो?

"व एकदासुद्धा नाही," मी म्हणालो.

"चार महिने ऐकतोय तो," बाबा म्हणाले. "कंटाळा आला."

जयंती

संध्याकाळी मंडप गच्च भरला. निळ्या पताका, नवे शर्ट, पहिल्या रांगेत सतरंजीवर म्हाताऱ्या बायका. मी मफलरशिवाय माइकसमोर उभा राहिलो तसं कुजबूज झाली. चार महिन्यांनी हा चेहरा लोक पहिल्यांदा उघडा बघत होते. विलास हळूच म्हणाला, "मिल्या, चुकलास तर मी जोरात वाजवतो."

पहिलं कडवं म्हटलं. सूर लागला. ओठांना काही कामच नव्हतं, घसा आणि जीभ दोघं मोकळे सुटले. "सांगा राजेहो, कोण तो?" असं म्हणून मी थांबलो. मग मागून कुणीतरी एकट्यानं ते नाव घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा अर्ध्या मंडपानं घेतलं. तिसऱ्या कडव्याला उभ्या गोडदेवनं, असं की मंडपाचा पत्रा वाजला. माझ्या तोंडात नसलेलं अक्षर हजार तोंडांतून माझ्या अंगावर येत होतं. बाजूला बाबा उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण ते गात होते की अक्षरं मोजत होते, मला आजवर कळलेलं नाही.

शेवटच्या कडव्याला मी विचारलं, "कोण तो?" आणि काय शिरलं अंगात माहीत नाही, लोकांच्या आधी मीच श्वास भरला, ओठ मिटले आणि ते नाव उंच पट्टीत फेकलं. भ फुटला! अख्खा, गोल, वाजणारा भ!

आणि त्याच क्षणी माझा डावा डोळा गच्च मिटला.

नस परत येताना वाट चुकते कधीकधी, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. ओठांकडे जायची ती थोडी डोळ्याकडेही जाते. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. मी आनंदानं पुन्हा नाव घेतलं, डोळा पुन्हा मिटला. पुन्हा नाव, पुन्हा डोळा. नेमका पहिल्या रांगेकडे तोंड करून.

खालच्या मजल्यावरची आजी, जिची मी वर्षानुवर्षं नक्कल केली होती, ती सतरंजीवर गुडघ्यांवर उठली आणि मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मेल्या, जयंतीचं गाणं म्हणतोस आणि डोळा कुणाला मारतोस रे?"

विलासचा हात ढोलकीवरून घसरला. आधी बायका हसल्या, मग पोरं, मग सगळा मंडप. मला हसू आवरेना. तोंड उजवीकडे गेलं, डोळा डावीकडे मिटला, आणि हाताशी मफलर नव्हता. मी तसाच, आहे त्या तोंडानं, माइकसमोर उभा राहून मनसोक्त हसलो आणि आजीला म्हणालो, "तुम्हालाच, आजी!"